सोलापूरची न मोजलेली बेकारी

भारत प्रजासत्ताक होण्यास अवघे सतरा दिवस उरले असताना, ९ जानेवारी १९५० रोजी, केंद्र सरकारने केवळ एका गिरणीसाठी एक वटहुकूम काढला. ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’, म्हणजे सोलापूरकरांच्या तोंडी रुळलेली ‘जुनी गिरणी’, २७ ऑगस्ट १९४९ पासून बंद होती. गैरव्यवस्थेमुळे एका जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनावर विपरीत परिणाम झाला आहे आणि समाजाच्या एका घटकात गंभीर स्वरूपाची बेकारी निर्माण झाली आहे, अशी दोन कारणे देऊन सरकारने कंपनीचा कारभार आपल्या हाती घेतला. त्याच वर्षी संसदेने त्या आशयाचा कायदाही केला. एका शहरातील बेकारीची दखल देशाच्या कायद्याच्या प्रस्तावनेत घेतली जावी, असे दुसरे उदाहरण सहजासहजी सापडत नाही.

पुढचा इतिहास वकीलवर्गाला पाठ असतो. सर्व कंपन्या सोडून याच कंपनीला वेगळा कायदा का, असा प्रश्न करीत एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्याचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या एका भागधारकाच्या प्रकरणात मात्र डिसेंबर १९५३ मध्ये हीच कारवाई मालमत्तेच्या मूलभूत हक्काशी विसंगत ठरली. आणि अशा प्रकारे व्यवस्थापन ताब्यात घेण्याला संरक्षण मिळाले ते १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने. समता आणि मालमत्ता या हक्कांची चर्चा करताना कायद्याच्या वर्गात सोलापूरचे नाव आजही घेतले जाते. ज्या बेकारीपायी हा सारा खटाटोप झाला, तिचे नाव मात्र त्या वर्गात क्वचितच निघते.

त्यानंतर सोलापुरात पुष्कळ काही बंद पडले. जुनी गिरणी साठच्या दशकात कायमची थंडावली. लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंगगिरजी या नावांभोवती ज्यांचे संसार उभे होते, त्यांनाही शतक उलटता उलटता तोच अनुभव आला. यांतील कोणत्याही प्रसंगी घटनादुरुस्तीपर्यंत जाणारा वाद झाला नाही. आज सोलापूर शहरात बेकारीचे प्रमाण किती, असा साधा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला, तर त्याला देण्याजोगा अधिकृत आकडा कोणत्याही सरकारी प्रकाशनात सापडत नाही. राज्याचा सापडतो, देशाचा सापडतो. साडेनऊ लाख वस्तीच्या या शहराचा सापडत नाही. आकडा नाही म्हणून प्रश्न नाही, अशी प्रशासनाची सोयीस्कर समजूत होऊ शकते. वस्तुतः सोलापूरची बेकारी नाहीशी झालेली नाही. तिने रूप पालटले आहे, आणि नव्या रूपात ती मोजणाऱ्याच्या नजरेला पडत नाही.

हजेरीपटावरची बेकारी

सोलापूर हे गिरणीने घडविलेले शहर. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७५,२८८ होती. पुढील अर्धशतकात ती अडीच लाखांच्या पलीकडे गेली. दुष्काळी टापूतील शेतकरी, कर्नाटकातील मजूर आणि तेलंगणातील पद्मशाली विणकर अशा तिन्ही दिशांनी माणसे येथे आली. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा आजही एकाच बाजारात ऐकू येतात, त्याचे मूळ या रोजगारात आहे. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मध्यम आकाराच्या औद्योगिक शहराचा इतक्या बारकाईने अभ्यास करण्याची परंपरा पुढे खंडित व्हावी, हे आपल्या विद्यापीठीय अर्थशास्त्राला भूषणावह नाही.

गिरणीतील रोजगाराचे एक वैशिष्ट्य होते. तो दिसत असे. भोंगा होता, दरवाजा होता, हजेरीपट होता. कायम कामगार कोण आणि बदली कोण, हे लिहिलेले असे. बदली कामगार रोज पाळीच्या आधी दरवाज्याशी येऊन उभा राही आणि कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत घेतला जाई. ज्याला काम मिळाले नाही तो परत जाई. ही पद्धत माणुसकीची होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु शहरात कामाविना किती हात आहेत याचा तो रोजचा, उघड्यावरचा हिशेब होता. दरवाज्याशी गर्दी वाढली की शहराला कळे. गिरणी बंद पडली की कामगार संघटना हजेरीपटावरचा आकडा सांगू शके, वृत्तपत्रे तो छापू शकत, आणि दिल्लीला वटहुकूम काढावा लागे. बेकारी उघड होती, कारण रोजगार उघड होता.

गिरण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर हा हिशेबही गेला. गिरण्या का गेल्या याची कारणमीमांसा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जुनी यंत्रसामग्री, नफ्याचा पैसा अन्यत्र वळविण्याची मालकांची वृत्ती, कृत्रिम धाग्याची स्पर्धा, यंत्रमागाला मिळालेल्या करसवलती, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. येथे एवढेच पाहावयाचे की गिरणीबाहेर पडलेला कामगार आणि त्याची पुढची पिढी गेली कोठे.

मागावर, आणि उंबऱ्याच्या आत

पहिले उत्तर यंत्रमाग हे आहे. शहराच्या पूर्व भागात हातमागाची परंपरा होतीच. तिच्यावर यंत्रमाग आले आणि चादर व टॉवेल या दोन वस्तूंनी सोलापूरचे नाव देशभर नेले. दोहोंना भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळालेली आहे. तथापि यंत्रमागाचा कारखाना म्हणजे लहान गिरणी नव्हे. एका छपराखाली सहा, आठ, बारा माग. कामगार तितकेच मोजके. मजुरी मालाच्या नगावर. आणि पाळी बहुधा बारा तासांची. मोठा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, अशी तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली आली. आठ मागांच्या छपराला तिची झळ कधीच लागली नाही. ते बंद करावयास परवानगी लागत नाही, कुलूप पुरते.

आणि कुलूपही नेहमी लावावे लागत नाही. सुताचे भाव चढले, पानिपतचा स्वस्त माल ‘सोलापुरी’ म्हणून बाजारात उतरला, किंवा नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीसारखा धक्का बसला, की कारखानदार बारा मागांपैकी सात चालू ठेवतो, अथवा आठवड्यातून चारच दिवस चालवितो. कामगार कामावरून निघत नाही. त्याची कमाई तेवढी निघून जाते. २०१७ चा वस्तू व सेवा कर आणि २०२० ची टाळेबंदी यांच्या काळात या छपरांनी असे दिवस पुन्हा पुन्हा पाहिले. तेथील विणकराला कोणी ‘तुम्ही बेकार आहात का’ असे विचारले, तर तो नाही म्हणेल. तो खोटे बोलत नसतो. त्याच्याकडे माग आहे, मालक आहे. अर्धा महिना सूत नाही एवढेच.

दुसरे उत्तर अधिक बोलके आहे आणि त्याकडे शहराने आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. गिरणी बंद पडल्यावर घर चालले ते पुष्कळदा बाईच्या हातांवर. सोलापुरात विडी वळणाऱ्या स्त्रियांची संख्या साठ-सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते. हैदराबाद रस्त्यावरील एका वसाहतीचे नावच विडी घरकुल आहे. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांच्या किल्ल्या २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. रे नगरातील पंधरा हजार घरांचा तसाच समारंभ जानेवारी २०२४ मध्ये झाला. असंघटित कामगारांनी चळवळ करून घरे मिळवावीत, ही या शहराने देशापुढे ठेवलेली मोठीच गोष्ट आहे आणि माजी आमदार नरसय्या आडम व त्यांच्या सहकाऱ्यांना तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु त्या घरांत चालणारे काम काय आहे?

विडी कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पाने भिजवावयाची, कातरावयाची, तंबाखू भरून वळावयाची, दोरा बांधावयाचा, तोंड मुडपावयाचे, जुड्या करून दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन द्यावयाच्या. मजुरी हजार विड्यांवर ठरते. हजार विड्या होण्यास उभा दिवस जातो आणि बहुधा एकटीचा नव्हे. सासू पाने कातरते, शाळेतून आलेली मुलगी दोरा बांधते. तपासणीत काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात. त्यांचे पान, त्यांचा तंबाखू आणि त्यांच्यावर गेलेला वेळ वळणारीच्या खाती जमा होतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता दिली, भविष्यनिर्वाह निधीही पुढे लागू झाला. काही घरांना त्याचा आधार झाला, यात शंका नाही. मात्र पाने किती द्यावयाची हे कारखाना ठरवितो. कधी हजाराची मिळतात, कधी सहाशेची, कधी आठवड्यातून तीनच दिवस मिळतात.

अर्थशास्त्रात ज्याला अर्धबेकारी म्हणतात ती हीच. पण सांख्यिकीच्या वहीत ही बाई पूर्ण रोजगारात आहे. तिची सासूही, आणि क्वचित ती मुलगीही.

मोजपट्टी आणि माणूस

हे कसे घडते, ते समजून घेणे अवघड नाही. बेकारी मोजण्याचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. योजना आयोगाने नेमलेल्या प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० साली स्पष्ट शब्दांत मत दिले की, आपल्यासारख्या अर्थव्यवस्थेत साऱ्या देशाच्या बेकारीचा एकच एक आकडा काढणे निरर्थक आहे. प्रदेश, लिंग, वय, शिक्षण, कामाचे स्वरूप यांनुसार वेगवेगळे अंदाज केले पाहिजेत. तेव्हापासून नमुना पाहणीत माणसाची नेहमीची स्थिती, साप्ताहिक स्थिती आणि दैनिक स्थिती अशा तीन दृष्टींनी नोंद होऊ लागली. यांतील दैनिक स्थितीत अर्ध्या दिवसाच्या कामाचाही हिशेब होता. म्हणजे तीन दिवस पाने मिळालेली बाई उरलेल्या दिवसांपुरती बेकार म्हणून दिसू शकत होती.

२०१७ पासून नियतकालिक श्रमबल पाहणी सुरू झाली. ती वेळेवर येते, तिच्यात कामाचे तासही विचारले जातात. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. पण वर्तमानपत्रात जो दर छापला जातो तो नेहमीच्या किंवा साप्ताहिक स्थितीचा. दैनिक स्थितीचा दर मागे पडला. साप्ताहिक स्थितीचा नियम असा की, आठवड्यात कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरावयाचा. नेहमीच्या स्थितीत दुय्यम कामही जमेस धरतात आणि त्यासाठी वर्षाकाठी तीस दिवस पुरतात. घरच्या धंद्यात विनावेतन हात लावणाराही रोजगारातच येतो. हे नियम आंतरराष्ट्रीय संकेतांना धरून आहेत, त्यांत लबाडी नाही. मात्र ज्या देशांत माणूस एक तर नोकरीत असतो किंवा नोकरीबाहेर असतो, त्या देशांसाठी ते मुख्यतः घडले, हे विसरून चालत नाही.

अमेरिकेतील एका लहान नागरी क्षेत्राचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हा जेमतेम दोन लाख वस्तीचा परगणा. मोटारीला जोडून किंवा मोटारीतच बांधून न्यावयाची फिरती घरे बनविणे हा तेथील प्रमुख उद्योग; देशातील अशी बहुसंख्य घरे याच परिसरात तयार होतात. २००८ च्या मंदीत लोकांनी सर्वांत आधी सोडली ती असली चैन. वर्षभरापूर्वी पाच टक्क्यांच्या आत असलेला बेकारीचा दर पंधराच्या वर गेला आणि वाढतच राहिला. तेथे प्रत्येक नागरी क्षेत्राचा, मग ते कितीही लहान असो, बेकारीचा दर दरमहा प्रसिद्ध होतो. परिणाम असा की नवे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा शपथविधीनंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ फेब्रुवारी २००९ रोजी, त्या गावी जाऊन उभे राहिले. पुढे दर तीन टक्क्यांच्याही खाली आला, एप्रिल २०२० मध्ये पुन्हा पंचवीसच्या पुढे उसळला, आणि वर्षभरात परत उतरला. ताप्याच्या तक्त्यासारखी ती रेषा दिसते.

एल्कहार्टचा कामगार असा झटक्यात ‘बेकार’ होऊ शकतो, कारण त्याला बेकारी विम्याचे पैसे मिळतात. काही आठवडे तो दुसरी नोकरी शोधत घरी बसू शकतो. सोलापूरच्या विणकराला ती सोय नाही. काम सुटले तर दुसऱ्या सकाळी तो रिक्षा चालवील, हमालीला जाईल, रस्त्याकडेला भाजी मांडील. बेकार राहणे परवडावे लागते. ज्याला ते परवडत नाही तो कामावर असतो आणि आकड्यांत रोजगारी म्हणून मिरवतो. श्रमबल पाहणीतील एक विसंगती याचीच साक्ष देते. २०२२-२३ मध्ये पंधरा वर्षांवरील सर्वांचा मिळून बेकारीचा दर ३.२ टक्के होता. पदवीधरांत तो तेरा टक्क्यांच्या वर होता आणि निरक्षरांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. निरक्षरांना या देशात पदवीधरांपेक्षा चांगल्या संधी आहेत, असा अर्थ त्यातून कोणी काढणार नाही. वडिलांच्या पगारावर किंवा निवृत्तिवेतनावर दोन-तीन वर्षे वाट पाहणे पदवीधराला शक्य असते, इतकाच तो फरक आहे.

गाडीत बसलेली बेकारी

सुशिक्षितांच्या बाबतीत सोलापूरची कहाणी आणखी एका दिशेने जाते. दयानंद आणि संगमेश्वर यांसारखी जुनी महाविद्यालये, अभियांत्रिकीच्या संस्था आणि २००४ साली केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेले विद्यापीठ, एवढा शैक्षणिक पसारा या शहरात आहे. दरवर्षी हजारो पदव्या दिल्या जातात. त्या पदव्यांना साजेशी कामे शहरात किती निघतात? कॅमशाफ्ट आणि अमाइन रसायने यांसारख्या उत्पादनांत येथील उद्योजकांनी नाव कमावले आहे. गणवेशांच्या शिलाईचा धंदाही वाढतो आहे. तरी यांची एकत्रित मागणी पुरवठ्याच्या जवळपासही पोचत नाही. उरलेल्यांपुढे मार्ग एकच, अडीचशे किलोमीटरवरचे पुणे.

याचा पुरावा बेकारीच्या तक्त्यात नाही, पण लोकसंख्येच्या तक्त्यात आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून त्याआधीच्या दशकाचेच आकडे घ्यावे लागतात. २००१ साली सोलापूर शहराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती. २०११ साली ती ९ लाख ५१ हजार झाली. वाढ सुमारे नऊ टक्के. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली, पुणे शहराची वीस टक्क्यांहून अधिक, आणि पिंपरी-चिंचवडची जवळजवळ सत्तर टक्क्यांनी. ज्या शहरात माणसे येत होती त्या शहरातून ती जाऊ लागल्याशिवाय वाढीचा वेग राज्याच्या सरासरीच्या इतका खाली येत नाही. जो तरुण हिंजवडीला किंवा चाकणला गेला, तो सोलापूरच्या बेकारांतून वजा झाला आणि पुण्याच्या नोकरदारांत मिळविला गेला. दोन्ही शहरांचे आकडे सुधारले! रविवारी संध्याकाळी पुण्याकडे निघणारी कोणतीही गाडी पाहिली तर ही वजाबाकी डब्याडब्यांतून उभी दिसते.

सारेच नोकरीवर जातात असेही नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसलेला मुलगा विद्यार्थी म्हणवतो, त्यामुळे तो श्रमबलातच येत नाही, मग बेकार कोठून ठरणार? आणि जो मागे राहिला, पदव्युत्तर पदवी व पात्रता परीक्षा दोन्ही पार करून महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागला, त्याचे काय? त्याचे मानधन तासांवर ठरते, सुटीत ते थांबते, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही हे जूनपर्यंत कळत नाही. तासावर शिकविणारा प्राध्यापक आणि नगावर विणणारा विणकर यांच्यात कामगारशास्त्राच्या दृष्टीने वाटते तितके अंतर उरलेले नाही. गिरणीच्या दरवाज्याशी उभा राहणारा बदली कामगार आज महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर उभा आहे, असे म्हटले तर पुष्कळ शिक्षकांना ते पटेल.

या प्रश्नावर शहरात ज्या उपायांची चर्चा होते ती मोठी रंजक असते. बरीच वर्षे असे सांगितले जात होते की, सोलापूरला विमानसेवा नाही म्हणून उद्योग येत नाहीत, आणि सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी उभी आहे म्हणून विमानसेवा नाही. १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली. ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान उडाले. विमानसेवा हवीच, तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण एका शहराच्या रोजगाराचा प्रश्न एका चिमणीपाशी येऊन थांबावा, यात विचारांचे दारिद्र्य दिसते. फताटेवाडीजवळचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्पही रोजगाराच्या आशेने पाहिला गेला होता. असल्या प्रकल्पांत हजारो कोटींचे भांडवल गुंतते. बांधणीची वर्षे सरल्यावर कायम माणसे मात्र शेकड्यांतच लागतात. भांडवलप्रधान प्रकल्पाने श्रमप्रधान शहराचे पोट भरत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

खरी चिंता वेगळ्याच ठिकाणी आहे. विडीचा धंदा आज ना उद्या आटणार. धूम्रपानाविरुद्धचे कायदे, २००८ ची सार्वजनिक ठिकाणची बंदी, बदलत्या सवयी, या साऱ्यांचा रोख एकाच दिशेने आहे आणि सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे. तंबाखूच्या धुरळ्यात दिवस काढणाऱ्या बाईच्या छातीचा विचार केला, तरीही तो योग्य आहे. परंतु साठ हजार स्त्रियांचा रोजगार जाणे म्हणजे जुन्या गिरणीच्या अनेक पट मोठा आघात. गिरणी गेली तेव्हा घर विडीने तारले. विडी गेली तर काय तारणार, याचे उत्तर ना महापालिकेच्या अंदाजपत्रकात आहे, ना जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत. शिवणकामाचे प्रशिक्षण देणाऱ्या योजना कागदावर आहेत. पन्नाशीच्या बाईला, जिचे डोळे आणि बोटे चाळीस वर्षे एकाच हालचालीत झिजली, ते शिवणयंत्र कितपत जमेल याचा विचार त्यांत नाही. आणि हा आघात एका दिवशी होणार नाही. हजाराऐवजी सहाशेची पाने मिळतील, मग चारशेची. एखाद्या पेठेतला कारखाना दुसऱ्या पेठेतल्या कारखान्यात विलीन होईल. तेथवर चालत जाणे म्हातारीला झेपणार नाही. त्या काळातही पाहणीवाल्याच्या प्रश्नाला ती ‘काम आहे’ असेच उत्तर देईल.

म्हणून मागणी करावयाची ती प्रथम मोजणीची. श्रमबल पाहणीची रचना २०२५ पासून जिल्हा हा घटक धरून केली जात आहे. या संधीचा उपयोग करून जिल्ह्याचे आणि महापालिका क्षेत्राचे अंदाज, तेही कामाच्या तासांसह व कमाईसह, प्रसिद्ध व्हावेत असा आग्रह राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने धरला पाहिजे. तोवर वाट पाहण्याचेही कारण नाही. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ असण्याचा काही लाभ असेल तर तो हाच की, त्याच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी साखर पेठेपासून विडी घरकुलापर्यंत दोन-तीन हजार घरे पायी फिरता येतील. प्रश्न तीनच पुरेत : गेल्या आठवड्यात किती तास काम मिळाले, किती मिळाले असते तर केले असते, आणि या घरातील कोण कामासाठी गावाबाहेर राहते. पहिली पाहणी ढोबळ होईल, दुसरी बरी होईल. पाचव्या वर्षी शहराच्या हाती एक रेषा येईल, आणि विडी कारखान्यांतून मिळणारी पाने कोणत्या वर्षापासून कमी होऊ लागली ते तीवर बोट ठेवून सांगता येईल.